समुद्राकाठी बिऱ्हाड हलवण्याआधी

मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात गेला की यवतमाळात हा विषय निघतोच. वणीकडचा वेकोलितून निवृत्त झालेला माणूस असो, दारव्ह्याचे मास्तर असोत, नाहीतर गोव्यात नोकरीला लागलेल्या पोराचे आईबाप असोत, बोलणं साधारण एकच असतं. इथलं विकून-सावरून कोकणात समुद्राजवळ बेताच्या किमतीत घर घ्यायचं आणि राहायचं.

बेत वाईट नाही. हिशेब मात्र बहुतेक जण उलट्या टोकाकडून मांडतात. आधी गुंठ्याचा भाव विचारायचा, तो यवतमाळच्या आर्णी रोडवरच्या प्लॉटपेक्षा कमी निघाला की खूश व्हायचं आणि बाकीचं नंतर बघायचं. कोकणात जमीन जिथे फार स्वस्त असते तिथे दवाखाना, पाणी, गाडीरस्ता यांपैकी काहीतरी नसतं, किंवा कागद अडकलेला असतो. जे नसतं त्याचा खर्च पुढे दर महिन्याला येत राहतो. म्हणून भाव शेवटी विचारावा. आधी तालुका ठरवावा, तालुक्यात गाव आणि गावात घर.

किनारपट्टीतला बराचसा भाग घरबसल्याच वगळता येतो. पालघर आणि रायगड सोडून द्या. अलिबागकडे मुंबईचा पैसा आधीपासूनच होता. मांडव्याची रो-रो बोट 2020 मध्ये आणि अटल सेतू जानेवारी 2024 मध्ये सुरू झाल्यावर तिथे यवतमाळच्या पेन्शनीला उभं राहायलाही जागा उरली नाही. डहाणूच्या बाजूला वाढवण बंदराचं भूमिपूजन ऑगस्ट 2024 मध्ये झालं. शिवाय त्या पट्ट्यात आदिवासींच्या जमिनी पुष्कळ आहेत आणि त्या बिगरआदिवासीला घेता येत नाहीत. ‘करार करून ठेवू, नंतर नावावर करू’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठावं. गोव्याचं म्हणाल तर मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत सुरू झाला आणि पेडणे आपल्या आवाक्याबाहेर गेलं. त्याच वर्षी तिथे शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर बंदी घालणारा कायदाही झाला.

उरतात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या 2001 ते 2011 या दहा वर्षांत घटली. सिंधुदुर्गची 8 लाख 69 हजारांवरून साडेआठ लाखांवर आली, तर रत्नागिरीची जवळपास 82 हजारांनी कमी झाली. तुम्ही राहायला जायचं म्हणताय तिथून तिथलीच माणसं मुंबईला जात आली आहेत. त्यामुळे वाड्या-वाड्यांत कुलूपबंद घरं आहेत आणि बेताच्या किमतीत काही मिळण्याची शक्यता तेवढ्यामुळेच आहे. पण ती माणसं का गेली, हेही आपण विचारायला हवं. रोजगार नव्हता, हे त्याचं थोडक्यात उत्तर.

या दोन जिल्ह्यांतही समुद्र दिसणारी जागा मनातून काढून टाका. मालवण, तारकर्ली, गुहागर, दापोली-हर्णै या पट्ट्यात जागेचा भाव हॉटेलवाल्याच्या हिशेबाने ठरतो. तो जागेवर खोल्या बांधून पैसे काढणार असतो आणि तुम्ही नुसते राहणार असता. त्या स्पर्धेत पडण्यात अर्थ नाही. समुद्राच्या अगदी काठावर राहण्याची हौस पहिल्या दोन पावसाळ्यांत फिटते. खारा वारा पत्रे, खिडक्यांचे गज आणि मोटरसायकलची चेन खातो, आणि वादळ आलं की पहिला तडाखा किनाऱ्यालाच बसतो. 3 जून 2020 चं निसर्ग वादळ श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीच्या बागा झोपवून गेलं. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या किनाऱ्याला घासून गेलं.

माझं मत विचाराल तर यवतमाळच्या मध्यमवर्गीय कुटुंबाने शोध कणकवली, ओरोस, कुडाळ, सावंतवाडी या पट्ट्यात सुरू करावा. ही गावं समुद्रावर नाहीत. पण कुडाळहून मालवण किंवा वेंगुर्ल्याचा किनारा तासाभराच्या आत येतो. रविवारी जाऊन संध्याकाळी घरी परतता येतं आणि समुद्र तेवढा पुरतो. कोकण रेल्वेची स्थानकं इथे आहेत. मुंबई-गोवा महामार्गाचं काम रायगड-रत्नागिरीत वर्षानुवर्षं रखडलं, पण सिंधुदुर्गातला खारेपाटण ते झाराप हा टप्पा त्यामानाने लवकर चौपदरी झाला. जिल्ह्याची कचेरी, जिल्हा रुग्णालय आणि 2021 मध्ये मान्यता मिळालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ओरोसला, म्हणजे कुडाळ आणि कणकवलीच्या मध्येच आहे. मुलगा गोव्यात असेल तर सावंतवाडी-बांदा सोयीचं. फक्त बांद्याच्या पुढे जागेचा भाव सांगताना मोपा विमानतळाचं नाव आधी येतं, हे ध्यानात ठेवून बोलणी करा.

रत्नागिरी शहराच्या आसपासचा भागही चालेल. तिथे 2023 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे आणि बाजारपेठ मोठी आहे. चिपळूणला सगळं मिळतं, डेरवणचं वालावलकर रुग्णालयही जवळ आहे. पण 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात किती चढलं होतं, याची खूण कुठल्याही दुकानदाराला विचारा, तो भिंतीवर बोट ठेवून दाखवेल. ज्या गल्लीत घर बघाल तिथे हा प्रश्न विचारायचाच. राजापूर बाजारपेठेतही विचारायचा. लांजा-राजापूरच्या आतल्या गावांत जमीन स्वस्त मिळते, पण दवाखाना लांब पडतो. राजापूर तालुक्यात नाणार, बारसू आणि जैतापूर या तीन प्रकल्पांवरून किती आंदोलनं झाली, ते वर्तमानपत्रांतून आपण वाचलंच आहे. प्रकल्प येवो न येवो, अशा गावात बाहेरच्या माणसाने जमीन घेतली की गाव त्याच्याकडे दलाल म्हणूनच बघतं.

दवाखान्याचा मुद्दा जरा लांबवतो, कारण जाणारे बहुतेक साठीच्या आसपासचे असतात. यवतमाळात रात्री छातीत दुखलं तर वसंतराव नाईक मेडिकल कॉलेज गावातच आहे. त्यापुढचं काही लागलं तर आपण सावंगी मेघे किंवा नागपूर गाठतो. सिंधुदुर्गात हेच काम बांबोळी करते. पणजीजवळचं गोवा मेडिकल कॉलेज हा दक्षिण सिंधुदुर्गाचा खरा आधार आहे. कणकवलीकडचे लोक कोल्हापूरही गाठतात, पण मध्ये घाट आहे आणि पावसाळ्यात घाट कधी बंद होईल याचा नेम नसतो. गगनबावड्याचा करूळ घाट रुंदीकरणासाठी 2024 च्या जानेवारीपासून वर्षाहून जास्त काळ बंदच होता. तेव्हा घर पाहायला जाल तेव्हा त्या घरापासून ओरोसला आणि बांबोळीला गाडीने किती वेळ लागतो, ते स्वतः जाऊन मोजा. नकाशावरचं अंतर उपयोगाचं नाही. घरात हृदयरोगाचा किंवा डायलिसिसचा पेशंट असेल, तर तालुक्याच्या गावाबाहेरचं घर घेऊच नये, ते फुकट मिळालं तरी.

रोगराईही तिथली वेगळी आहे. भातशेतीच्या चिखलातून लेप्टो होतो. दोडामार्ग आणि बांद्याच्या जंगलपट्ट्यात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. दोडामार्गात हत्तीही आहेत. स्वस्त जमिनीच्या जाहिरातींत दोडामार्ग वारंवार दिसतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता पाणी. यवतमाळकरांनी 2018 चा उन्हाळा पाहिलाय. निळोणा, चापडोह आटले आणि शहराने टँकरच्या रांगा लावल्या. त्यामुळे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा जिल्हा म्हटला की पाण्याची चिंता मिटली असं वाटतं. ती मिटत नाही. जांभ्या दगडातून पाणी झिरपून जातं, उतारावरचं पाणी वहाळांतून काही तासांत समुद्राला मिळतं आणि एप्रिल-मे महिन्यांत कित्येक वाड्यांच्या विहिरींना तळ दिसतो. सड्यावरच्या म्हणजे कातळावरच्या जागेत तर बोअर मारूनही खात्री नाही. खाडीजवळ पाणी असतं, पण उन्हाळ्यात ते मचूळ होतं. विहीर दाखवायला घेऊन जाणारा माणूस तुम्हाला ऑक्टोबरात नेईल. तुम्ही मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा, पोहरा टाका आणि पाणी पिऊन बघा. शेजारच्या बाईला विचारा, तुम्ही पाणी कुठून भरता? एजंटाचं दहा मिनिटं ऐकण्यापेक्षा तिचं एक उत्तर कामाचं असतं.

पावसाचा आणि दमटपणाचा संसारावर काय परिणाम होतो हे आधी कुणी सांगत नाही. आपल्याकडे कूलर म्हणजे घरातला माणूस. तो कोरड्या हवेवर चालतो, कोकणच्या ओल्या हवेत तो खोली गार करत नाही, चिकट करतो. तो इथेच कुणाला तरी देऊन टाका. वर्षाचे गहू, ज्वारी आणि तुरीची डाळ उन्हं दाखवून कोठीत भरायची आपली सवयही तिकडे चालत नाही. जुलैत डाळीला बुरशी धरते आणि गव्हात किडे होतात. महिन्याचा किराणा महिन्याला आणावा लागतो आणि ज्वारी-तूर तिकडे यवतमाळच्या भावात मिळत नाही. दोन-तीन पोती धान्य दर वर्षी भावाच्या वावरातून येतंय, या भरवशावर ज्यांचा हिशेब बसतो, त्यांनी तो पुन्हा मांडावा. कापसाच्या गाद्या ओल धरतात. जमिनीचे कागद आणि मुलांच्या गुणपत्रिका प्लास्टिकच्या बंद डब्यात ठेवाव्या लागतात. उकाड्यातून सुटका होते, हेही पूर्ण खरं नाही. पारा 35 च्या आसपास थांबतो, पण मेमध्ये अंगाला अंग लागू देत नाही असा घाम येतो.

कागदांकडे वळू. ज्याच्या नावावर यवतमाळ जिल्ह्यात शेती आहे, त्याच्या हातात मोठी सोय आहे, कारण शेतकऱ्याला राज्यात कुठेही शेतजमीन घेता येते. तलाठ्याकडचा सातबारा, आठ-अ आणि शेतकरी असल्याचा दाखला काढून ठेवा. सगळं वावर विकून, मग त्या पैशातून कोकणात शेतजमीन घ्यायला गेलात तर तुम्ही शेतकरी राहता कसे, हा प्रश्न दुय्यम निबंधकाच्या कचेरीत उभा राहतो. म्हणून आधी तिकडची खरेदी करा आणि इथला शेवटचा तुकडा नंतर विका. ज्यांच्या नावावर शेती नाही त्यांनी बिनशेती भूखंड, गावठाणातलं घर किंवा तालुक्याच्या गावातला फ्लॅट पाहावा. फ्लॅटचा प्रकल्प 500 चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर असेल आणि त्यात आठांहून जास्त सदनिका असतील तर महारेराचा नोंदणी क्रमांक मागावा. माझ्या मते निवृत्त नोकरदाराला कुडाळ-सावंतवाडीतला जुना, दुसऱ्या हाताचा फ्लॅट सगळ्यांत सुरक्षित. त्यात कोकणातल्या घराची मजा नाही, हे कबूल.

मजा असलेलं घर हवंच असेल तर एक सातबारा हातात घेऊन पाहू. समजा, कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत चिरेबंदी कौलारू घर विकायला आहे. पुढे खळं, ओटी, आत माजघर, मागे विहीर, चार माड, दोन काजू. जागा सहा गुंठे. मालक मुंबईला असतात, एका सहीत काम होईल, असं मध्यस्थ सांगतो. सातबारा उतरवला तर भोगवटादारांच्या सदरात अकरा नावं. त्यांतली तीन माणसं वारलेली, वारसांची नोंद झालेली नाही. एक नाव लग्न होऊन दिलेल्या आत्याचं. क्षेत्र सामाईक, म्हणजे त्या गटातले सहा गुंठे नेमके कुठले, हे कागदावर ठरलेलंच नाही. गडगा घातलाय म्हणून हद्द ठरत नाही. इतर हक्कांत कूळकायद्याच्या कलम 43 ची नोंद. घर मात्र ग्रामपंचायतीच्या नमुना 8 ला विक्रेत्याच्याच नावावर आहे आणि तो उतारा तो अभिमानाने दाखवतो.

कोकणात हा अपवाद नाही, नेहमीचा मामला आहे. नमुना 8 हा घरपट्टीचा कागद आहे, त्याने जमिनीची मालकी सिद्ध होत नाही. घर एकाचं आणि जमीन दुसऱ्याची, अशी उदाहरणं गावोगाव सापडतात. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या किंवा नोंदवलेली हक्कसोडपत्रं लागतात. वारसांपैकी एकाने आपला हिस्सा बाहेरच्याला विकायला काढला तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे इतर वारस तो आधी मागू शकतात. आत्याने नंतर दावा टाकला तर तुमची उतारवयातली वर्षं कोर्टात जातील. कलम 43 ची नोंद काढून घेण्याची सोय 2014 च्या दुरुस्तीने झाली आहे. कुळाच्या खरेदीला दहा वर्षं उलटलेली असतील तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून ती सुटते. पण ते काम विक्रेत्याने खरेदीआधी करून द्यावं, तुम्ही अंगावर घेऊ नये. आणि सहा गुंठे हा शेतजमिनीचा तुकडा असेल तर तुकडेबंदी आडवी येते. 2023 च्या अधिसूचनेने बहुतेक जिल्ह्यांत किमान क्षेत्र बागायतीला 10 आणि जिरायतीला 20 गुंठे केलं आहे. या नियमात मधूनमधून सवलती निघतात, त्यामुळे व्यवहाराच्या आठवड्यात दुय्यम निबंधकाला प्रत्यक्ष विचारलेलं बरं.

क्रम असा ठेवा: आधी डिजिटल सातबारा आणि फेरफार, मग तिथल्याच वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल, मग सरकारी मोजणी, त्यानंतर साठेखत. वकील तुमचा हवा, मध्यस्थाने आणलेला नको. आंबोली, चौकुळ, गेळे इथल्या कबुलायतदार गावकर जमिनी, आकारीपड जमिनी आणि ‘खाजगी वन’ असा शेरा असलेल्या जमिनी यांच्या वाटेला जाऊच नका. त्या प्रश्नांना कित्येक दशकं झाली. भाव खरा की फुगवलेला, हे पाहायला नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर गावनिहाय वार्षिक मूल्यदर तक्ता असतो. प्रत्यक्ष भाव त्याहून वर असतो, पण दोन गावांची तुलना करायला तो पुरतो.

समुद्र किंवा खाडीजवळ घ्यायचंच ठरवलं तर सीआरझेड, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचे नियम, समजून घ्या. 2019 च्या अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या गावात भरतीरेषेपासून 200 मीटरच्या आत नवीन घर बांधता येत नाही. वस्ती दर चौरस किलोमीटरला 2161 पेक्षा दाट असेल तर ही पट्टी 50 मीटरची आहे. खाडीकाठी 50 मीटर किंवा खाडीच्या रुंदीएवढं, यांपैकी जे कमी असेल ते. जुनं अधिकृत घर असेल तर त्याच जोत्यावर दुरुस्ती किंवा फेरबांधणी करता येते. म्हणूनच किनाऱ्यावरच्या मोडक्या घरालाही भाव असतो आणि शेजारच्या रिकाम्या जागेला नसतो. रिकामी जागा स्वस्तात देणारा हे तुम्हाला सांगणार नाही.

आणखी एक गोष्ट पायांनीच तपासायची. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पुष्कळ घरांना गाडीरस्ता नसतो, चिऱ्याची पाखाडी असते. तीस-चाळीस पायऱ्या उतरून खाली घर. फोटोत ते फार देखणं दिसतं. गुडघे दुखणाऱ्या आईला, गॅसच्या सिलिंडरला आणि जुलैत शेवाळलेल्या चिऱ्यावरून स्ट्रेचरला ते कसं जमेल, याचा विचार करा.

पोटापाण्याचं काय, हा प्रश्न पेन्शनर सोडून सगळ्यांना आहे. पऱ्हाटी-सोयाबीनची शेती ज्याने जन्मभर केली त्याला कोकणची शेती नव्याने शिकावी लागते. एकरांचे पट्टे नाहीत, गुंठ्यांचे चोंढे आहेत. ट्रॅक्टर वळत नाही. हापूसवर जगू, असं म्हणणाऱ्यांनी एक मोहोर थ्रिप्स आणि अवकाळीत जाताना पाहावा. मोठ्या बागायतदारांकडे राखणीला नेपाळी गडी असतात, फवारणीचा खर्च असतो, एवढं करून सालाची खात्री नाही. त्यापेक्षा काजू बरा. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जाती तिथे रुळल्या आहेत आणि काजूप्रक्रियेचे छोटे कारखाने गावोगाव आहेत. पण कलम लावल्यापासून हाती पैसा यायला काही वर्षं जातात आणि वानरं वाटणी घेतात ती वेगळी.

दुकान टाकायचं असेल तर एवढं लक्षात घ्या. 2011 च्या जनगणनेत यवतमाळ जिल्हा 27 लाख 72 हजारांचा होता आणि अख्खा सिंधुदुर्ग साडेआठ लाखांचा. गिऱ्हाईक एक तृतीयांशही नाही, आणि जे आहे ते गणपतीत, शिमग्यात आणि मेमध्ये गर्दी करतं. कायम चालणारी कामं म्हणजे वीज-प्लंबिंगची दुरुस्ती, वाहन दुरुस्ती, नर्सिंग आणि शिकवण्या. हातात कसब असलेल्या तरुणाला तिथे माणसं शोधत येतात, कारण गावातली त्याच्या वयाची पोरं मुंबईला किंवा गोव्याला असतात. घरून काम करणाऱ्याने फायबर वाडीपर्यंत आलंय का आणि वादळी पावसात वीज किती दिवस जाते, हे शेजाऱ्याला विचारावं. तीन-तीन दिवस अंधार, ही तिथे बातमी होत नाही.

मुलांच्या शिक्षणाची बाजू चांगली आहे. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात वरच असतो. आतल्या वाड्यांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळांचा पट मात्र घसरलेला आहे, तेव्हा तालुक्याच्या गावातली शाळा बघा. उन्हामुळे विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीकडे उघडतात, तिकडे जूनच्या मध्यालाच घंटा होते. दाखला एप्रिलमध्येच काढून ठेवा, नाहीतर पोराचे पहिले दिवस बुडतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे जातीचा दाखला आणि जात पडताळणी. बंजारा, गोंड, कोलाम, आंध, कुणबी, माळी, कुणीही असा, दाखला मूळ वास्तव्याच्या जिल्ह्यातून मिळतो. बिऱ्हाड हलवण्याआधी घरातल्या प्रत्येक मुलाचं ते काम यवतमाळातच उरकून घ्या. नाहीतर बारावीनंतर ओरोसहून यवतमाळच्या खेपा घालाव्या लागतात.

आणि खेप सोपी नाही. नागपूर-मडगाव विशेष गाडी आठवड्यातून दोनदा धामणगाव, बडनेऱ्यावरून जाते आणि चिपळूण, रत्नागिरी, कुडाळ करत गोव्याला पोचते. पण ती मुदतवाढीवर चालणारी गाडी आहे, तेव्हा तारखा पाहूनच तिकीट काढा. रस्त्याने नांदेड, सोलापूर, कोल्हापूर करत गेलं तर गाडीत एक पूर्ण दिवस आणि वर काही तास जातात. शक्तिपीठ महामार्ग पवनारहून आपल्या जिल्ह्यातून थेट बांद्याजवळच्या पत्रादेवीला जाणार, 802 किलोमीटर, मग काय सहज जाऊन येऊ, असं सांगणारे भेटतील. त्या रस्त्याला कोल्हापूरसह अनेक ठिकाणी शेतकऱ्यांचा विरोध आहे आणि आखणीवर वाद चालू आहे. जो रस्ता अजून झाला नाही त्याच्या जोरावर घर घेऊ नये. म्हातारे आईवडील इथेच राहणार असतील तर त्यांच्यापर्यंत पोचायला दीड दिवस लागेल, हे भावांनी एकत्र बसून आधीच बोलून घ्यावं.

गावात मिसळण्याबद्दल थोडं. कोकणातली गावं मानपानाची आहेत. देवळाची गावऱ्हाटी, पालखीचा मान आणि जत्रेची वर्गणी या गोष्टींत नव्या माणसाने पहिली दोन वर्षं फक्त ऐकावं. बांधाच्या वादात कुणाची बाजू घेऊ नये. मालवणी कानावर पडेल, ती महिन्याभरात कळायला लागते आणि आपली वऱ्हाडी त्यांना ऐकायला आवडते. शाकाहारी कुटुंबाला मासळीच्या वासाची सवय करावी लागेल, शेजारी ती सोडणार नाही. वऱ्हाडातल्या मोकळ्या, मोठ्या आवाजातल्या बोलण्याला तिकडचा माणूस आधी दचकतो. नंतर तोच तुम्हाला फणस आणून देतो.

एवढं वाचूनही जायचंच असेल, आणि माझ्या मते ज्यांची पेन्शन चालू आहे, तब्येत धड आहे आणि मुलं गोवा-पुण्याकडे आहेत त्यांनी जरूर जावं, तर घर घेऊ नका, आधी भाड्याने राहा. जूनच्या अखेरीपासून अकरा महिन्यांचा नोंदणी केलेला भाडेकरार करा. इथलं घर तोवर विकू नका, भाड्याने द्या, म्हणजे तिकडच्या भाड्याचा मोठा भाग त्यातून निघेल. त्या अकरा महिन्यांत पावसाळा, गणपती, थंडी, आंब्याचा हंगाम आणि मेमधली विहीर असं सगळं पाहून होतं. मनात भरलेल्या गावातलं घर विकायला निघालं की खबर आपोआप तुमच्यापर्यंत येते, आणि ती मध्यस्थाच्या भावात नसते.

तेवढीही सवड नसेल तर किमान दोन फेऱ्या करा, एक मेच्या अखेरीस विहीर पाहायला आणि दुसरी जुलैच्या मध्याला छप्पर, रस्ता आणि वीज पाहायला. डिसेंबरात घर पाहून विसार देऊ नका. डिसेंबरात कोकणातलं कुठलंही घर चांगलंच दिसतं.